हातउसनी आठवण

नारीनहून वर, जिथे डांबर संपतं
आणि ड्रायव्हर न विचारता रेडिओ बंद करतो,
तिथल्या दवाखान्यात एकच संगणक.
सकाळी आठला तो लावायचा,
मग कोळसा आत घ्यायचा, शेगडी पेटवायची,
उंबऱ्यावरचा बर्फ झाडायचा,
तेव्हा कुठे लसींची यादी उघडणार.

"याचंही वय झालंय," बुरुलचा एजे म्हणाली,
"पण पेन्शनच्या रांगेत माझा नंबर आधी."

मी तोलोगोन. पंधरा दवाखाने, चार शाळा,
एक पिशवी, पिशवीत पेचकस आणि सुकं कुरुत.
एक जीबी रॅम. म्हणजे
एका पांघरुणात सहा जण;
एकाने कूस बदलली की दुसरा उघडा.
त्या जातीची रॅम बिश्केकच्या बाजारात मागितली
तर दुकानदार आधी हसतो
आणि मग आजोबांची चौकशी करतो.

म्हणून पेनड्राइव्ह.
डिस्क गरगरून जे बारीकसारीक शोधत बसते
ते याने पाठ करून ठेवायचं,
मागितलं की हातावर ठेवायचं.
हातउसना व्यवहार, कागद नाही, व्याज नाही.

एजेकडे एक होता. पुतण्याने, एर्मेकने,
मॉस्कोहून पाठवलेला,
आत त्याच्या लग्नाची चित्रफीत.
"ती राहू दे," मी म्हणालो, "उरलेली जागा पुरे."
लावला. संगणकाने चाचणी घेतली
आणि रशियनमध्ये निकाल दिला:
आवश्यक ती कार्यक्षमता नाही.

एजेने चष्मा वर केला. "कुणाबद्दल म्हणतोय?"
"पेनड्राइव्हबद्दल."
"मग ठीक आहे," म्हणत तिने चहा ओतला.

पुन्हा चाचणी. पुन्हा तेच.
सेवांच्या यादीत शिरलो, तर
जी सेवा हे सगळं चालवते
तीच कुणीतरी बंद करून ठेवलेली.
गेल्या वर्षीच्या कुण्या दीडशहाण्याने,
यंत्र हलकं व्हावं म्हणून.
(तो मीच. बोललो नाही.)
चालू केली. बंद करून सुरू केला.
तोवर एजेने दोन मुलांना टोचलं,
एकाला गोळी दिली, एकाला दम.
पुन्हा चाचणी. नाही म्हणजे नाही.

मग गुडघ्यावर बसलो,
टेबलामागे, जाळ्यांत आणि वायरींच्या गुंत्यात,
आणि तोच पेनड्राइव्ह, तोच,
पुढच्या सैल तोंडातून काढून
मागे, थेट मदरबोर्डला लावला.

पास.
माणूस तेवढाच असतो हो,
दार चुकतं.

यादी उघडली तेव्हा शेगडी
अजून धूरच देत होती.
"आणि हा उपटला तर? पोरांची नावं जातील?"
"काहीच जात नाही. मूळ सगळं डिस्कवर आहे.
फक्त पुन्हा वाट बघावी लागेल."
"वाट बघायची सवय आहे," ती म्हणाली,
आणि त्यावर कुणाचा हात पडू नये म्हणून
चिकटपट्टी लावली, जखमेवरची.

दोन हिवाळे तो तसाच चालला.

मग नवा संगणक आला,
आत न गरगरणारी डिस्क,
आणि त्याच गाडीतून उतरली नवी नर्स,
झायनागुल, वय चोवीस, सामान फार.
मी सवयीने पेनड्राइव्ह मागे लावला.
स्क्रीन म्हणाली:
हा संगणक पुरेसा वेगवान आहे.
अधिक फायदा होण्याची शक्यता नाही.

एजेने ते दोनदा वाचलं, मोठ्याने,
औषधाची मात्रा वाचावी तसं.
या वेळी तिने काही विचारलं नाही.
मी उगाच कीबोर्ड झटकला.

काढून तिच्या हातात दिला.
चिकटपट्टीचा डिंक अजून होता.
"आत लग्न आहे," मी म्हणालो, "आणि
त्या जुन्याची एक फाइल. कुलूपबंद.
आता ती कुणालाच उघडायची नाही.
पुसून टाकू?"

"जागा किती खाते?"
"चारशे एमबी."

तिने तो कोटाच्या आतल्या खिशात सरकवला,
झायनागुलला शेगडीची कडी दाखवली,
कशी उचलून मग ओढायची.
"खाऊ दे," म्हणाली.